न वाचलेल्या पुस्तकांचं कपाट कसं वाचून काढावं

फेब्रुवारी २०२४मध्ये अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अशा संमेलनातून, जळगाव-धुळ्याच्या ग्रंथप्रदर्शनातून किंवा 'कोणतंही पुस्तक शंभर रुपये' असा फलक लावलेल्या मंडपातून घरी आलेली पिशवी पुष्कळदा जशीच्या तशी कपाटात जाते. पुढच्या वर्षी तिच्या शेजारी दुसरी पिशवी येऊन बसते. पुस्तकं आवडत नाहीत म्हणून हे होत नाही. पुस्तक विकत घ्यायला पाच मिनिटं लागतात आणि दोनशे पानांचं मराठी पुस्तक वाचायला सहा ते आठ तास. पैसे मोजताना हे तास कुठून आणायचे, याचा हिशेब कोणी करत नाही. तो हिशेब कसा मांडायचा, कपाटातलं काय वाचायचं, काय सोडून द्यायचं आणि कुठे गाडी अडते, ते पुढे सविस्तर दिलं आहे.

आधी सगळं खाली काढा

कपाट वरवर चाळून यादी करू नका. मागच्या रांगेतली पुस्तकं दिसत नाहीत आणि नेमकी तीच सर्वांत जुनी असतात. दिवाणाच्या पोटातली, माळ्यावरच्या पेटीतली, ऑफिसच्या ड्रॉवरमधली आणि गावच्या घरी राहून गेलेली, सगळी पुस्तकं एका खोलीत आणा. जमिनीवर जुनी चादर अंथरा. दीडशे-दोनशे पुस्तकांना दोन माणसं आणि एक पूर्ण दिवस लागतो.

दिवस कोरड्या हवेचा निवडा. खानदेशात त्यासाठी दोन काळ सोयीचे: होळी ते मे अखेर, किंवा दसऱ्यानंतरचे दिवस. पावसाळ्यात हे काम काढलं, तर कागद ओल धरतो आणि परत कपाटात गेल्यावर बुरशी येते.

धूळ झटकताना पुस्तक मिटलेलंच घट्ट धरा, म्हणजे धूळ पानांत शिरत नाही. आधी वरची कड पुसा, कारण सगळी धूळ तिथेच बसलेली असते. रंगकामाचा एक इंची नवा, मऊ ब्रश घ्या आणि पाठीकडून बाहेरच्या बाजूला फिरवा. त्यानंतर कोरडं सुती फडकं. ओलं फडकं कागदी वेष्टनाला लावू नका. तोंडाला रुमाल बांधा. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरातली पुस्तकं असतील तर छपरातून पडलेली बारीक माती पानांच्या सांध्यात अडकते. ती फुंकरीने जात नाही, ब्रशनेच काढावी लागते.

ओलसर वाटणारं पुस्तक अंगणातल्या उन्हात टाकायची सवय असते, ती सोडा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या उन्हात कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि पाठीचा गोंद तडकतो. सावलीत, पंख्याखाली, पंख्यासारखी पानं उघडून पुस्तक उभं ठेवा. दोन दिवसांत ओल जाते.

वाळवी आणि कसर

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर वाचायची पुस्तकंच उरत नाहीत. दोन किडी वेगळ्या आहेत, त्यांचे उपायही वेगळे. वाळवी भिंतीतून येते. कपाटामागे मातीची नागमोडी रेघ दिसली की समजावं. पुस्तकं साफ करून ती जात नाही, भिंतीलाच औषध मारावं लागतं. तोवर पुस्तकं दुसऱ्या खोलीत हलवा. पुढेही कपाट भिंतीपासून तीन-चार इंच दूर ठेवा आणि पाय विटांवर चढवा, म्हणजे मागची भिंत आणि खालची फरशी डोळ्यांना दिसत राहते.

कसर ही चंदेरी, झटकन पळणारी. तिला कागदापेक्षा खळ आणि गोंद प्रिय. म्हणून फाटलेलं पान घरच्या पिठाच्या खळीने चिकटवू नका, ते तिला आमंत्रणच होतं. पारदर्शक चिकटपट्टीही नको. दहा वर्षांत ती तपकिरी डाग सोडते आणि उचकटताना अक्षरं घेऊन निघते. सुटलेली पानं क्रमाने लावून पुस्तकाला रुंद सुती नाडी बांधली तरी वाचायला पुरतं.

कसर लागलेलं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड घट्ट बंद करा आणि फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर असायला हवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका. लगेच उघडली तर थंड कागदावर हवेतलं पाणी जमतं. कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर आधी सावलीत कुरकुरीत वाळवा. हिरवा पाला ठेवला तर त्याचीच ओल पानांना लागते. डांबरगोळ्या थेट पानांत घालू नका आणि घरात लहान मूल असेल तर वापरूच नका.

वही आणि चिठ्ठी

दोनशे पानी एक साधी वही घ्या. मोबाइलमधली यादी चालते, पण वही कपाटातच राहते आणि घरातल्या सगळ्यांना दिसते, म्हणून वही बरी. प्रत्येक न वाचलेल्या पुस्तकाची एक ओळ: क्रमांक, नाव, लेखक, पानं, प्रकार, कुठून आलं (विकत, भेट, वडिलांचं, कोणाकडून आणलेलं) आणि साधारण कोणत्या वर्षी. पानांची संख्या लिहायला विसरू नका, पुढचा सगळा हिशेब तिच्यावर आहे. अर्धवट सोडलेल्या पुस्तकांपुढे कुठपर्यंत वाचलं तेही लिहा.

'कुठून आलं' हा रकाना क्षुल्लक वाटतो, पण चाळीस-पन्नास नोंदी झाल्या की त्यातून बरंच कळतं. सत्कारात पुष्पगुच्छाऐवजी मिळालेली पुस्तकं किती, प्रदर्शनात स्वस्त म्हणून उचललेली किती, कोणी आग्रहाने घ्यायला लावलेली किती आणि स्वतः शोधून आणलेली किती. स्वतः शोधलेली पुस्तकं साधारणतः आधी वाचून होतात. ढीग वाढतो तो बाकीच्यांचा.

वहीत नोंद झाली की त्या पुस्तकात दोन इंच रुंदीची कागदी पट्टी घाला, वरून बोटभर बाहेर दिसेल अशी. पट्टीवर वहीतला क्रमांक. पुस्तक वाचून झालं की पट्टी काढायची. कपाटाकडे लांबून पाहिलं तरी किती पट्ट्या उरल्या ते दिसतं. पुस्तकांच्या पाठीवर रंगीत स्टिकर लावू नका, त्याचा गोंद वेष्टन खराब करतो.

चार ढीग

आता निवड. यादीतलं प्रत्येक पुस्तक वाचायलाच हवं, असं मानून सुरुवात केली की महिन्याभरात दम संपतो. चार ढीग करा.

पहिला ढीग परत करायच्या पुस्तकांचा. दुसऱ्याकडून आणलेली, वाचनालयाचा शिक्का असलेली. ही आधी पोचवा. यातलं एखादं वाचायचंच असेल तर मालकाला विचारून तारीख ठरवा आणि तेच पुस्तक सर्वांत आधी हातात घ्या.

दुसरा ढीग संदर्भाचा. शब्दकोश, विश्वकोशाचे खंड, गॅझेटियर, आयुर्वेदाची आणि शेतीची माहिती देणारी पुस्तकं, संस्थांच्या स्मरणिका, गौरवग्रंथ. ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची नसतातच. अनुक्रमणिका नीट पाहा, कामाच्या प्रकरणांना पेन्सिलने खूण करा, पट्टी काढा आणि वेगळ्या कप्प्यात लावा. निव्वळ या एका ढिगाने यादी बरीच हलकी होते.

तिसरा ढीग द्यायचा. जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, कालबाह्य झालेली स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, एकाच पुस्तकाच्या दोन प्रती, आणि ज्यांची ओढ आता राहिली नाही अशी पुस्तकं. शेवटच्या प्रकाराशी प्रामाणिक राहणं अवघड जातं. पुस्तक उघडून अनुक्रमणिका आणि मधली दोन पानं वाचा. तरीही आत काही हललं नाही, तर ते तिसऱ्या ढिगात टाका. पुस्तक देऊन टाकणं म्हणजे सरस्वतीचा अपमान, असं घरातली वडीलधारी माणसं म्हणतील. त्यांना सांगा की ते पुस्तक वाचणाऱ्याच्याच हातात जाणार आहे.

उरला तो चौथा ढीग, खरोखर वाचायचा. यातल्या ज्यांबद्दल शंका आहे त्यांना चाखण्याची एक फेरी द्या. कादंबरी असेल तर ३० पानं, चारशे पानांहून जाड असेल तर ५०. कवितासंग्रह असेल तर सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या मिळून दहा कविता. इतिहास किंवा वैचारिक पुस्तक असेल तर प्रस्तावना आणि मधलं एक पूर्ण प्रकरण, कारण पहिलं प्रकरण बहुधा पार्श्वभूमीत जातं आणि त्यावरून लेखकाचा कस कळत नाही. नाटक चाखायचं नसतं, ते एका बैठकीत दीड-दोन तासांत पूर्ण होतं.

प्रस्तावनेबद्दल एक सूचना. मराठीत दुसऱ्याने लिहिलेली वीस-पंचवीस पानांची प्रस्तावना नेहमीची आहे. कादंबरीच्या बाबतीत ती शेवटी वाचा. तिच्यात कथानक उघड होतं आणि काय वाटायला हवं तेही आधीच सांगून टाकलेलं असतं. पुष्कळ वाचक प्रस्तावनेतच दमतात आणि पुस्तक मिटवतात. संशोधनपर ग्रंथाच्या बाबतीत उलट करावं.

तासांचा हिशेब

घड्याळ लावून १५ मिनिटं नेहमीच्या वेगाने वाचा आणि पानं मोजा. हीच चाचणी तीन वेगळ्या पुस्तकांवर करा: एक कादंबरी, एक वैचारिक, एक जुन्या बारीक टाइपातलं. डेमी आकाराचं पान आणि क्राउन आकाराचं पान यांत मजकुराचा बराच फरक असतो, म्हणून एकाच पुस्तकावरून वेग ठरवू नका.

समजा यादीत ६४ पुस्तकं निघाली. त्यातली ७ परत करायची, ९ संदर्भाची, ८ द्यायची. उरली ४०. सरासरी २१० पानं धरली तर ८,४०० पानं. पंधरा मिनिटांत ८ पानं होत असतील तर रोजच्या पाऊण तासात २४. महिन्याचे तीस दिवस धरू नका. लग्नकार्य, पाहुणे, शेतीची घाई, आजारपण यांत आठ दिवस जातातच. २२ दिवस धरले तर महिन्याला ५२८ पानं. ८,४०० भागिले ५२८, म्हणजे साधारण सोळा महिने.

सोळा महिने ऐकून धीर खचू देऊ नका, हा आकडा चांगला आहे. खरी मेख पुढे आहे. याच काळात महिन्याला दोन नवी पुस्तकं घरात येत राहिली, तर ४२० पानांची भर पडते आणि ढीग महिन्याला फक्त १०८ पानांनी घटतो. मग तेच काम साडेसहा वर्षांवर जातं. वाचनाचा वेग दुप्पट करायच्या युक्त्या शोधण्यापेक्षा खरेदी आटोक्यात आणणं कितीतरी सोपं आहे. 'तीन वाचा, एक घ्या' असा नियम केला, तर सोळाऐवजी चोवीस महिने लागतात. खरेदी पूर्ण बंद करण्याचा नियम करू नका. तो चार महिन्यांत मोडतो आणि एकाच प्रदर्शनात बारा पुस्तकं येतात.

वाचनालयाचाही यात विचार करावा लागतो. जळगावच्या व. वा. वाचनालयासारख्या किंवा धुळ्याच्या गरुड वाचनालयासारख्या ठिकाणचं पुस्तक परत करायची तारीख ठरलेली असते, त्यामुळे ते आधी वाचून होतं आणि घरचं मागे राहतं. वर्गणी बंद करू नका. वर्षभरासाठी फक्त मासिकं घ्या, किंवा घरचं एक पुस्तक संपल्यावरच वाचनालयाचं एक आणा. आणि ती तारखेची युक्ती घरच्या पुस्तकालाही लावा: पट्टीवर सुरू केल्याची आणि संपवायची तारीख लिहा. पानांना रोजच्या वेगाने भागलं की तारीख निघते. २४० पानांचं पुस्तक, रोज २४ पानं, म्हणजे दहा वाचनदिवस, म्हणजे पंचांगात साधारण दोन आठवडे.

खानदेशी वर्षात वाचनाची जागा

रोज रात्री नऊ ते दहा वाचायचं, असा बारमाही नियम आपल्याकडे टिकत नाही. ऋतू आणि शेती दोन्ही आडवे येतात. वर्षच वाटून घ्या.

चैत्र-वैशाखात गहू-हरभरा घरात आलेला असतो आणि दुपारी बारा ते चार बाहेर पडण्याची सोय नसते. हा खानदेशचा खरा वाचनकाळ, म्हणून जाड पुस्तकं याच दिवसांसाठी राखून ठेवा. कूलरची हवा थेट पुस्तकावर येऊ देऊ नका. ती ओली असते, पानं लाटांसारखी वाकतात आणि ती वाकण मग जात नाही. लाईट गेली की दाराजवळच्या उजेडात बसा, पण उन्हाचा झोत पानावर नको. अखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आठवड्यात माहेरवाशिणी घरी असतात, झोके बांधलेले असतात, घर भरलेलं असतं. तेव्हा एकट्याचं वाचन होत नाही, मोठ्याने वाचून दाखवायला मात्र हा आठवडा उत्तम.

जून-जुलैत पेरणी, शाळा आणि नोकरीची धावपळ. तेव्हा कथासंग्रह आणि ललित लेख, म्हणजे दहा-बारा पानांत एक घास पुरा होईल असं. श्रावणात पोथी आणि ओवीबद्ध ग्रंथ. कानबाई (खानदेशातला देवीचा सण) आणि पोळा या दिवसांत दोन-तीन दिवस खंड पडणार हे आधीच धरून चाला.

कापूस वेचणी सुरू झाली की शेतकऱ्याच्या घरी वाचनाचा दिवस अर्ध्या तासाचाच होतो. मात्र शेतीपंपाची थ्री फेज लाईट रात्रीच्या पाळीत आली, तर पिकाला पाणी भरताना बारे फोडण्याच्या, म्हणजे एका वाफ्यातलं पाणी पुढच्या वाफ्यात वळवण्याच्या, मधल्या वेळात वीस-वीस मिनिटं मोकळी मिळतात. त्यासाठी चार्जिंगचा दिवा आणि खिशात मावेल असं पातळ पुस्तक. चांगली प्रत शेतात नेऊ नका. डिसेंबर-जानेवारीच्या लांब, गार रात्री दुसरा मोठा हंगाम. फक्त भरिताच्या पंगतीवरून उठल्या हाताने पुस्तक धरू नका, तेलाचा डाग कागदातून कधीच निघत नाही.

जळगाव-भुसावळ रोज ये-जा करणाऱ्याला एका फेरीत पंचवीस-तीस मिनिटं मिळतात. गाडीतलं पुस्तक वेगळं ठेवा आणि ते बॅगेतून बाहेर काढूच नका. घरी काढलं की दुसऱ्या दिवशी ते घरीच राहतं.

उजेडाबद्दल थोडंसं. उजव्या हाताने टिपणं काढत असाल तर दिवा डाव्या खांद्यामागून यावा, म्हणजे हाताची सावली पानावर पडत नाही. टेबलाच्या दिव्याला नऊ वॅटचा पिवळसर एलईडी पुरतो. जुन्या खिळ्यांच्या छपाईतला बारीक टाइप त्रास देत असेल तर ते पुस्तक रात्रीसाठी ठेवू नका, सकाळच्या उजेडात वाचा. चष्म्याचा नंबर तपासून दोन वर्षं झाली असतील तर तो आधी तपासा. 'हल्ली वाचन होत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा चष्मा असतो.

जाड ग्रंथ

पातळ पुस्तकं आधी संपवून आकडा खाली आणायचा मोह होतो. पहिल्या महिन्यात तसं करायला हरकत नाही, शंभर-सव्वाशे पानांची चार-पाच संपली की हुरूप येतो. पण सगळी पातळ आधी संपवली, तर वर्षाअखेर फक्त सहाशे-सातशे पानी ठोकळे उरतात आणि काम तिथे थांबतं. दोन पातळ, एक जाड, असा फेर धरा.

जाड पुस्तकासाठी आपल्याच भागातलं एक उदाहरण पुरेसं बोलकं आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार आणि अठरा अध्याय. साने गुरुजींनी ती लिहून घेतली आणि त्यातून 'गीताप्रवचने' हा ग्रंथ झाला. ग्रंथ अवघड असेल तर त्याचा वार ठरवा. अठरा प्रकरणांचं पुस्तक अठरा रविवारी वाचा आणि मधल्या सहा दिवसांत दुसरं हलकं पुस्तक चालू ठेवा. रोज थोडं-थोडं वाचण्यापेक्षा दाट मजकुराला आठवड्याची एक दीड तासाची बैठक जास्त मानवते, कारण रोजच्या वीस मिनिटांतली पहिली आठ कालचा धागा शोधण्यातच जातात.

अर्धा कागद दुमडून पुस्तकात ठेवा. तीच खूण, तेच टिपण. मोठ्या कादंबरीत पहिल्या साठ पानांत येणारी नावं आणि त्यांची नाती त्यावर उतरवा. खानदेशी घरांच्या कादंबऱ्यांत चुलत-मावस नात्यांचा आणि एकाच नावाच्या दोन माणसांचा गुंता असतोच. हा कागद नसेल तर शंभराव्या पानावर मागे पुढे पानं उलटण्यातच वेळ जातो. प्रत्येक बैठकीच्या शेवटी पान क्रमांक आणि एक ओळ लिहा.

ओवीचे ग्रंथ आणि बोलीतली पुस्तकं

घरोघरी कपाटाच्या वरच्या फळीवर लाल कापडात बांधलेली ज्ञानेश्वरी किंवा दासबोध असतो. पूजा होते, वाचन होत नाही. इथे आकडे मदतीला येतात. दासबोधात २० दशक आणि २०० समास आहेत. रोज एक समास म्हणजे २०० दिवस, आणि एक समास अर्थासह वीस-पंचवीस मिनिटांत होतो. ज्ञानेश्वरीच्या ओव्या ९,०३३. रोज २५ ओव्या घेतल्या तर ३६२ दिवसांत ग्रंथ पूर्ण होतो. मात्र सार्थ, म्हणजे ओवीखाली अर्थ दिलेली, प्रत घ्या. निव्वळ मूळ संहिता घेऊन बसलं, तर जुन्या शब्दांशी झुंजत तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाचन सुटतं. आधी ओवी मोठ्याने म्हणा, मग अर्थ वाचा, मग ओवी पुन्हा. हा क्रम उलटा केला तर ओवी नुसती औपचारिक उरते. हे वाचन वेगळं मोजा, रोजच्या २४ पानांत धरू नका.

अहिराणी किंवा लेवा गणबोली या खानदेशी बोलींतली पुस्तकं पुष्कळांच्या कपाटात अर्धवट आढळतात. ज्यांच्या घरात ती बोली बोलली जाते त्यांच्याकडेही. कारण सरळ आहे: बोली कानाला ओळखीची असते, डोळ्यांना नाही. छापलेला उच्चार डोळ्यांना परका वाटतो आणि वेग निम्म्यावर येतो. पहिली दहा पानं ओठ हलवत, आवाज करून वाचा. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी ओठांवर जन्मली आणि दुसऱ्यांनी ती कागदावर उतरवली. ती मूकपणे वाचली की त्यांतला जात्याचा आणि मोटेचा ठेकाच हरवतो. अडलेला शब्द कोशात शोधण्याआधी घरातल्या आजीला विचारा. बोलीतले कितीतरी शब्द प्रमाण मराठीच्या कोशांत नसतात.

दिवाळी अंकांचा गठ्ठा

१९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात हा गठ्ठा वाढतोच आहे. अंक म्हणजे पुस्तक समजू नका. अनुक्रमणिकेवर पेन्सिल घेऊन दहा मिनिटं बसा, जास्तीत जास्त पाच मजकुरांना खूण करा, बाकी सोडा. खुणा केलेलं संक्रांतीपर्यंत वाचा. मागच्या वर्षांचे अंक असतील तर एका अंकाला पंधरा मिनिटं द्या. राशिभविष्य, त्या वर्षीचं राजकारण, पाककृती ओलांडून जे आजही वाचावंसं वाटतं तेवढंच ठेवा. पुढच्या दिवाळीला खरेदी करताना खुणा केलेल्या अनुक्रमणिका काढून पाहा. ज्या अंकात सलग दोन वर्षं दोनच खुणा पडल्या तो यंदा घेऊ नका.

गाडी कुठे अडते

पहिला अडथळा एकाच वेळी सहा पुस्तकं सुरू करण्याचा. तीन पुरे: एक जाड, एक पातळ, एक कवितेचं किंवा ओवीचं. चौथं हातात घ्यायचं तर तिन्हींतलं एक संपवून किंवा सोडून.

दुसरा, पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करण्याचा. खंड पडला की माणूस परत सुरुवातीला जातो, आणि त्या पुस्तकाची पहिली साठ पानं चार वेळा वाचून होतात, पुढची कधीच नाही. तसं करू नका. आतला कागद वाचा, थांबलेल्या जागेच्या मागची पाच पानं वाचा आणि पुढे चला. दहा दिवस पुस्तकाला हात लागला नसेल तर मात्र ठरवा: आज रात्री दहा पानं, नाहीतर पट्टी काढून वहीत 'चाखून सोडलं' अशी नोंद.

तिसरा, मोबाइल. उपदेश पुष्कळ झाले, करायचं एवढंच: वाचायच्या जागेपासून फोन दहा पावलं दूर, दुसऱ्या खोलीत, चार्जिंगला. शब्द अडला म्हणून फोन उचलला तर अर्धा तास गेला समजा. अडलेले शब्द कागदावर लिहा आणि बैठक संपल्यावर एकदम पाहा.

चौथा अडथळा सूक्ष्म आहे: पुस्तक आवडत नाही, पण मोठ्या लेखकाचं आहे, म्हणून ते सोडवत नाही आणि दुसरं सुरूही करवत नाही. महिना असाच जातो. चाखण्याच्या फेरीची ठरलेली पानं झाली असतील तर वहीत तारीख आणि एक वाक्य लिहा, का सोडलं ते. 'भाषा जड', 'विषय आत्ता नको', 'अनुवाद खडबडीत'. अनुवादाची तक्रार असेल तर दुसऱ्या अनुवादकाची प्रत मिळते का ते वाचनालयात पाहा. पुष्कळदा दोष मूळ पुस्तकात नसतो.

वाचून झाल्यावर

शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने तारीख आणि गाव. वहीत तीन ओळी: पुस्तक कशाबद्दल, काय ठसलं, कोणाला द्यावं. पट्टी काढा. पुस्तक जिथून उचललं तिथे परत ठेवू नका, वाचलेल्यांचा कप्पा वेगळा करा, नाहीतर सहा महिन्यांत सगळं पुन्हा मिसळतं.

द्यायच्या ढिगासाठी गावातल्या वाचनालयाला आधी यादी पाठवा, नाव, लेखक, आवृत्तीचं वर्ष आणि अवस्था यांसह. सरळ पोतं नेऊन उतरवू नका. वाचनालयाला प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवावं लागतं, त्यावर शिक्का-क्रमांक घालावा लागतो आणि फळीवर जागा द्यावी लागते. त्यामुळे फाटकी पुस्तकं, गाइडं आणि त्यांच्याकडे आधीच असलेल्या प्रती ते घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे. मुलांची पुस्तकं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांना विचारून द्या, शाळा सुरू होताना, जूनमध्ये. जुनी पोथी, हस्तलिखित किंवा मोडीतले कागद ढिगात निघाले तर ते रद्दीत जाता कामा नयेत. धुळ्यात जुने ऐतिहासिक कागद जपणारं राजवाडे संशोधन मंडळ आहे आणि रामदासी हस्तलिखितं जपणारं समर्थ वाग्देवता मंदिर आहे. कागदांचे फोटो काढून तिथल्या जाणत्या माणसांना आधी दाखवा. दाखवण्याआधी ते कागद पुसू नका, चिकटवू नका, इस्त्री तर मुळीच करू नका. सुती कापडात सैल गुंडाळून, सपाट पेटीत, आडवे ठेवा.